एलिव्हेशन शाबूत, छत गळकं

चेलाडी फाट्याला हायवे सोडला की आधी प्लॉटिंगचे फलक लागतात, मग नसरापूर लागतं. फलकावर हिरवीगार टेकडी, झोक्यावर बसलेलं हसरं कुटुंब आणि 'राजगड-तोरणा व्ह्यू'. हवा स्वच्छ असेल आणि बिल्डरचं ड्रोन पुरेसं उंच गेलं, तर किल्ले दिसतातही. निदान दुसऱ्या फेजचे मजले चढेपर्यंत.

या 'व्ह्यू'साठी माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो. वास्तुशांत होते, पेढे वाटले जातात, आणि पहिला पाऊस येतो. इकडचा पाऊस सरळ पडत नाही. तो आडवा येतो आणि थेट हॉलमध्ये येऊन बसतो. माणूस बाल्कनीवर हातभर पत्रा टाकायचं ठरवतो, तर खाली नोटीस बोर्डावर कागद: इमारतीच्या एलिव्हेशनला बाधा येईल असं कोणतंही काम करू नये. आदेशावरून.

घर तुमचं, कर्ज तुमचं. दर्शनी भाग मात्र कमिटीचा.

नियम चुकीचा आहे का? अजिबात नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तो आहेच. फ्लॅटमध्ये भर घालायची किंवा बदल करायचा, तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. शहाण्या माणसांनी केलेला शहाणा नियम. अशा नियमांचं आपल्याकडे जे होतं, तेच याचंही झालं.

तो फक्त शेजाऱ्याला लागू झाला.

चेअरमनच्या बाल्कनीला काच लागली की ती 'सेफ्टी'. सेक्रेटरींनी ड्राय बाल्कनी किचनमध्ये घेतली की ती 'गरज'. तुम्ही डासांची जाळी लावली की एलिव्हेशन बिघडलं. तळमजल्यावाले काका सामाईक जागेत आधी तुळस लावतात. मग तुळशीभोवती बाग, बागेभोवती कुंपण, कुंपणाला कुलूप. पण काका दर महिन्याच्या एक तारखेला मेंटेनन्स भरतात. मग त्याला अतिक्रमण कसं म्हणणार? ते पर्यावरण.

सभासदही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. खिडकीला ग्रील लावायची परवानगी मिळाली की ग्रील खिडकीत थांबत नाही. दीड फूट बाहेर येते, तिला तळ फुटतो, तळावर कुंड्या, कुंड्यांशेजारी गॅसचं रिकामं सिलिंडर, जुनी सायकल आणि आजोबांची ट्रंक. मूळ फ्लॅट दोन खोल्यांचा, पिंजऱ्यासकट अडीच. आग लागली तर या पिंजऱ्यातून बाहेर कसं पडणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ट्रंक आधी काढावी लागेल ना!

आणि एनओसी नावाची ती जादूची चिठ्ठी. कमिटीने सही केली म्हणजे बाल्कनी बंद करायला मोकळे, असं अर्ध्या तालुक्याला वाटतं. नसरापूरच्या पट्ट्यात बांधकाम परवानगीचा विषय पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. २०१५ पासून हे प्राधिकरण आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित बांधकाम नियमावलीही आहे. मंजूर नकाशात नसलेली खोली सेक्रेटरींच्या सहीने नकाशात येत नाही. सेक्रेटरींना हे माहीत असतं.

म्हणून तर ते सहीखाली तारीख टाकत नाहीत.

बरं, हे एलिव्हेशन बघतं कोण? हायवेवरून ऐंशीच्या वेगाने जाणारा माणूस. त्याला तुमच्या ग्रीलचा रंग राखाडी की गडद राखाडी हे कळत नाही. त्याला पुढचा टोलनाका दिसत असतो. पण या दोन राखाड्यांवर कमिटीच्या तीन बैठका होतात. कॅटलॉग फिरतो. ग्रुपवर मतदान होतं. शेवटी दुकानदाराकडे जो उरलेला असतो, तो रंग एकमताने मंजूर होतो.

तोवर वरच्या मजल्यावर काय चाललेलं असतं?

ओल. आधी कोपऱ्यात तळहाताएवढी. मग पंख्यापर्यंत. मग पोपडे. मग बादली. वरच्या मजल्याचा माणूस कमिटीकडे जातो तर कमिटी म्हणते, 'हा तुमचा अंतर्गत प्रश्न.' छत फ्लॅटच्या आत आहे ना, मग अंतर्गतच! पाऊस बाहेर पडतो, गच्ची सोसायटीची, भेग सोसायटीच्या स्लॅबला. पण थेंब तुमच्या सतरंजीवर पडला की तो तुमचा.

उपविधी उलटं सांगतात, आणि अगदी नाव घेऊन सांगतात. बाहेरच्या भिंती, गच्ची आणि तिचे कठडे, जिने, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज, सेप्टिक टँक, कंपाऊंड या सगळ्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. पावसाच्या पाण्याची गळतीही संस्थेची. इतकंच नाही, गच्चीतून पाणी मुरून सगळ्यात वरच्या मजल्याचं छत आणि त्याचं प्लॅस्टर खराब झालं, तर तेही संस्थेनेच करून द्यायचं. सभासदाने आपल्या पैशांनी करायचं ते या यादीबाहेरचं. तुमच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्यांच्या डोक्यावर ठिबकत असेल, तर मात्र खिशात हात घाला.

ही यादी कमिटीच्या कपाटात असते. कपाटाची चावी जुन्या सेक्रेटरींकडे असते. जुने सेक्रेटरी आता बाणेरला राहतात.

मग वरचा माणूस काय करतो? स्वतःच्या पैशांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकतो. आणि मग मात्र कमिटी धावत येते. एलिव्हेशनला बाधा!

इमारत नवी असेल तर आणखी गंमत. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा आहे. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे. पहिला पावसाळा 'नवं बांधकाम आहे, जरा सेट होऊ दे' यात जातो. दुसरा बिल्डरच्या साइट इंजिनिअरचा फोन लागण्यात. तिसऱ्याला सोसायटी रजिस्टर होते. चौथ्याला कमिटीत भांडणं. पाचव्याला सगळ्यांचं एकमत होतं की बिल्डरला पत्र द्यायचं.

पत्र दिवाळीनंतर टाइप होतं.

त्या पाच वर्षांत एक गोष्ट मात्र वेळेवर होते. बिल्डरचा माणूस येऊन सांगतो, 'बाल्कनीत कपडे वाळत घालू नका, साइट व्हिजिट आहे.' शेवटचा फ्लॅट विकला जाईपर्यंत एलिव्हेशनचा खरा मालक तोच. त्याच्या शेवटच्या गिऱ्हाइकासाठी तुमचे टॉवेल आत. ही सवय नंतर कमिटीला लागते आणि तिला आपण शिस्त म्हणतो.

कपड्यांवरून आठवलं. वेल्ह्याच्या बाजूला पावसाळ्यात चार चार दिवस ऊन तोंड दाखवत नाही. कपडे घरात वाळवले की भिंतींना बुरशी, बाहेर वाळवले की नोटीस. कमिटीने पर्याय सुचवावा तर म्हणतात, ड्रायर घ्या. ड्रायर ठेवायचा कुठे? ड्राय बाल्कनीत. ती तर किचनमध्ये गेली.

ही फक्त आपलीच तऱ्हा नाही. अमेरिकेत ज्यांची मुलं आहेत त्यांनी फोनवर ऐकलं असेल. तिकडे घरमालकांच्या असोसिएशन दाराचा रंग, गवताची उंची, कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यायचा, सगळं ठरवतात. दोरीवर कपडे वाळवायचा हक्क मिळावा म्हणून फ्लोरिडा, कोलोरॅडो अशा राज्यांना चक्क कायदे करावे लागले. टेक्ससने २०११ मध्ये कायदा केला की दारावर धार्मिक चिन्ह लावायला असोसिएशनने मनाई करायची नाही. पण आकार? पंचवीस चौरस इंचांपर्यंत. म्हणजे पाच बाय पाच. डॅलसच्या मराठी घराने त्यात आंब्याच्या पानांचं तोरण बसवून दाखवावं. एक पान बसेल, तेही दुमडून. ही मोजपट्टी सैल व्हायला २०२१ उजाडलं.

आपल्याकडे अजून तोरणावर कुणी फूटपट्टी धरलेली नाही. आकाशकंदील एकाच रंगाचे असावेत, असा ठराव मात्र काही ठिकाणी होऊ लागलाय. अवकाश फार नाही.

पैशाचं बोलू. कमिटीला ते आवडत नाही, सभासदाला तर त्याहून नाही. उपविधी म्हणतात, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. वीस लाख बांधकाम खर्च धरा. पाच हजार आणि पंधरा हजार, एकूण वर्षाला वीस हजार. महिन्याला साधारण सोळाशे सत्तर रुपये, आणि तेही झाडलोट, वॉचमन, पाणी यांचा खर्च वेगळा धरून. आता तुमची मेंटेनन्सची पावती काढा. एकूण किती लिहिलंय? पंधराशे?

म्हणजे दुरुस्तीसाठी तुम्ही उणे एकशे सत्तर रुपये भरता.

'मेंटेनन्स कमी ठेवला' हा आपल्याकडे कमिटीचा सगळ्यात मोठा पराक्रम. निवडून येतात ते याच एका गुणावर. दहा वर्षांनी स्लॅबच्या सळ्या बाहेर डोकावतात तेव्हा त्या पराक्रमी मंडळींचा फ्लॅट विकून नफा झालेला असतो. मागे राहतो तो भाडेकरू आणि त्याचा बिनव्याजी डिपॉझिट घेतलेला मालक. तो म्हणतो, मी तिथे राहतच नाही, मी का भरू? खरंच आहे. पोपडा त्याच्या ताटात पडत नाही.

स्ट्रक्चरल ऑडिटचं तर नावच काढू नका. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, तिशी उलटलेलीचं तीन वर्षांतून एकदा. आपल्या पट्ट्यातल्या पहिल्या पिढीच्या इमारती पंधराव्या वर्षाच्या आसपास पोचल्यात किंवा पुढे गेल्यात. त्यांनी ऑडिट केलं का? रंग केला. भेगांवर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, वर दोन हात. आजारी माणसाला पावडर लावून लग्नाला नेतात, तसं. पण नवा रंग बघून फ्लॅटचे भाव वाढले, हेही खरं.

नसरापूरजवळच बनेश्वराचं देऊळ आहे. पुण्याचे लोक रविवारी तिथे येतात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि जाताना प्लॉट बघून जातात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात हे देऊळ १७४९ मध्ये पुरं झालं. खर्च ११,४२६ रुपये, ८ आणे, ६ पै असा सांगितला जातो. पैपर्यंत! आमच्या सोसायट्यांच्या ताळेबंदात 'किरकोळ व इतर' एवढ्या दोन शब्दांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन जातं आणि झालेलं दिसत मात्र नाही. देऊळ पावणेतीनशे वर्षं उभं आहे. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज. तिच्यावर क्रूस आहे. रंगसंगतीत बसत नाही म्हणून ती कुणी उतरवली नाही. त्या काळी कमिटी नसावी.

दंडाचं काय? ग्रुपवर रात्री अकरा वाजता मेसेज येतो: 'कुंडी कठड्यावर दिसल्यास ५०० रुपये दंड.' कुंडी कठड्यावर ठेवूच नये. खालून लेकरं जातात, त्यात वाद नाही. पण दंड हा मेसेजने लागत नाही. सभासदाला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ठरवायचं ते सर्वसाधारण सभेने. वर्षाला पाच हजारांच्या वर तो जाऊ शकत नाही. चेअरमनसाहेबांना हे सांगून बघा.

तुमची कुंडी पुढच्या मेसेजमध्ये फोटोसह येईल.

उलट बाजूही आहे. वर्षानुवर्षं मेंटेनन्स न भरणारा माणूस ग्रुपवर सगळ्यात कडक भाषेत स्वच्छतेबद्दल लिहितो. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची मुभा उपविधींत आहे. लावतं कोण? तो चेअरमनचा व्याही असतो, नाहीतर गावचा असतो. गावच्या माणसाकडून व्याज कसं घ्यायचं? त्यापेक्षा कुंडी बरी.

बंगलो प्लॉटवाल्यांनी हसू नये. 'गेटेड कम्युनिटी' म्हणून नसरापूरपासून वेल्ह्याच्या रस्त्याने ज्या टेकड्या तासल्या गेल्या, तिथे नियम आणखी देखणे. छप्पर उतरतंच हवं, कंपाऊंडला जांभा दगडच हवा, गेट अमुकच रंगाचं. करारात पानंच्या पानं. आणि सातबारा? सामाईक. अकरा गुंठ्यांचा तुकडा, त्यावर नावांची रांग, तुमचं नाव मधे कुठेतरी. सोसायटी रजिस्टर नाही, रस्ता कुणाच्या मालकीचा ते ठरलेलं नाही, ओढ्यात भराव टाकून क्लबहाऊस. जागा आपली आहे का हे माहीत नाही, पण गेट टेराकोटा.

खुद्द वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड करायला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तालुक्याचं नाव बदलतं. तुमच्या गेटचा रंग बदलत नाही.

फ्लॅटवाल्यांचं तरी कुठे वेगळं आहे? ज्या दर्शनी भिंतीसाठी एवढं रामायण, ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन कागदोपत्री कुणाची? कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करणं, झालं नसेल, तर अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाची. फ्लॅट मालकीच्या जुन्या मोफा कायद्याच्या नियमांत संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत, रेरात भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत ते व्हायला हवं. नाही केलं बिल्डरने, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे जाता येतं. कागद गोळा करावे लागतात, चकरा माराव्या लागतात. कमिटीला एवढा वेळ कुठून असणार?

ग्रीलच्या कॅटलॉगची तीन पानं अजून बघायची राहिलीत.

एक जमाना होता, म्हणजे १९१५. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी एकत्र येऊन सहकारी गृहसंस्था काढली. रावबहादूर तालमकी त्यामागे होते. देशातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहसंस्थांपैकी ती एक. डोक्यावर परवडणारं, धड छप्पर हवं आणि एकट्याला जमत नाही, म्हणून चौघांनी मिळून करायचं, एवढा साधा हेतू. शंभरावर वर्षांत आपण सहकाराला छपरावरून उतरवून थेट ग्रीलवर आणून ठेवलं. छपराकडे बघायला वर मान करावी लागते आणि ग्रील समोरच दिसते, एवढाच काय तो फरक.

छपरावर तसं करण्यासारखं खूप आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत गृहसंस्थांना सामाईक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचं अनुदान आहे. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट यांचं बिल त्यातून खाली येऊ शकतं. सरकार पैसे द्यायला तयार आहे.

कमिटी गच्चीची चावी द्यायला तयार नाही.

तर मंडळी, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे ऐन पावसाळ्याच्या शेवटी, जेव्हा प्रत्येक गळती ताजी असते आणि बादली अजून हॉलमध्येच असते. विषयपत्रिकेवर 'इमारतीचा दर्शनी भाग व ग्रील' हा विषय वरच असेल. दुरुस्ती निधी 'ऐनवेळच्या विषयां'त. हात वर करा. आधी दुरुस्ती निधीत किती रक्कम शिल्लक आहे ते विचारा, मग कन्व्हेयन्सचा अर्ज कुठवर आला ते. दोन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि हे सगळं वडे यायच्या आत करा. नंतर कोरम उरत नाही.